वडील हयात असताना मिशी काढावी का?

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. मार्गशीर्षात माझे लग्न आहे. साखरपुड्यानंतर फोनवर बोलताना माझी होणारी बायको सहज म्हणाली की मिशी काढलीत तर तुम्ही जास्त चांगले दिसाल. माझी मिशी मुळातच मधोमध विरळ आहे, त्यामुळे मलाही पूर्वी तसे वाटले होते. गावी गेल्यावर आईजवळ विषय काढला आणि तो वडिलांच्या कानावर गेला. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची मिशी पंचक्रोशीत ओळखीची आहे. ते एवढेच म्हणाले, 'मी अजून जिवंत आहे.' तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. चुलते म्हणतात, बिनमिशीचा घोड्यावर बसलास तर लोक हसतील. ऑफिसातले मित्र म्हणतात, आता सगळे दाढी ठेवतात, नुसती मिशी कोण ठेवतो? लग्नाच्या आदल्या आठवड्यात मिशी काढून टाकावी आणि न्हाव्याच्या हातून चुकून एक बाजू उडाली असे घरी सांगावे, असा माझा विचार आहे. हे योग्य होईल का? मिशीत खरेच काही पुरुषार्थ किंवा आकर्षण असते का? आणि विरळ मिशी दाट करण्याचा काही उपाय आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

तुमच्या पत्रात अनेकांची मते आहेत, पण त्यांतल्या एकाच मतामागे दुःख आहे आणि ते तुमच्या वडिलांचे आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते. 'मी अजून जिवंत आहे' हे वाक्य तुम्ही रागाचे धरलेले दिसते. आपल्याकडच्या खेड्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ मात्र अगदी सरळ असतो. आई किंवा वडील गेले की मुलगा क्षौर करतो, डोक्याबरोबर मिशीही उतरवतो. काही घरांत अग्नी देणारा एकटाच उतरवतो, काही घरांत सगळे भाऊ आणि पुतणेही उतरवतात, आणि हल्ली काही जण नुसती एक बट कापून भागवतात. पण मिशी उतरवणे म्हणजे घरातले वडीलधारे माणूस जाणे, ही सांगड पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेली आहे. एरवी भरदार मिशी असलेला माणूस एक दिवस मोकळ्या ओठाने एसटीतून उतरला, तर पारावर बसलेल्यांचा पहिला प्रश्न 'कोण गेलं?' हाच असतो. वडील असताना मिशी काढू नये, हे घरोघर ऐकू येणारे बजावणे त्यातूनच आले आहे. तुमच्या आजोबांच्या वेळी तुमच्या वडिलांनीही मिशी उतरवली होती का, ते आईला विचारून पाहा. उतरवली असेल, तर आपला ओठ मोकळा झालेला त्यांनी आयुष्यात बहुधा त्याच काळात आरशात पाहिला असेल. मुलगा लग्नाच्या तोंडावर तेच करू म्हणतो हे ऐकल्यावर त्यांना आपल्याच मरणाची आगाऊ वार्ता कानावर आल्यासारखे झाले, यात मला काहीही नवल वाटत नाही.

चुलत्यांचे म्हणणे याहून अगदी वेगळे आहे, आणि तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली आहेत. त्यांना लोकांच्या हसण्याची चिंता आहे. वडिलांच्या मनातली गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि चुलत्यांच्या मनातली तपासून घ्यायला हवी. तपासताना इतिहासात थोडे मागे जावे लागेल. तुम्ही पुरुषार्थाचा प्रश्न विचारलाच आहे, तर त्याचे उत्तर एका ओळीत देऊन मी तुमची बोळवण करणार नाही.

मिशी म्हणजे मर्दपणा, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. मग आपल्याच देवघरात पाहा. जेजुरीचा खंडोबा मिशीचा आहे, वाडी रत्नागिरीचा जोतिबा मिशीचा आहे, आणि पंढरीचा विठोबा बिनमिशीचा आहे. तुमच्या भागातल्या कितीतरी घरांत कुलदैवत खंडोबा असतो आणि गळ्यात तुळशीची माळही असते. त्या घरातल्या कोणालाही विठोबा खंडोबापेक्षा उणा वाटलेला नाही. राम धनुर्धारी आहे, कृष्णाने कंसाला मारले, तरी दोघांचीही चित्रे आपण गुळगुळीत ओठांचीच पाहत आलो; आणि चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या पार्थसारथी मंदिरात मात्र तोच कृष्ण अर्जुनाचा सारथी म्हणून उभा आहे, तर त्याला चांगली मिशी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हा भारतीय चित्रकलेतला सर्वांत देखणा पुरुष मानला जातो, त्याच्याही ओठावर मिशी नाही. लढवय्या, राखणदार, घोड्यावरचा देव असेल तर मिशी, आणि करुणेचा, प्रेमाचा, कमरेवर हात ठेवून भक्ताची वाट पाहणारा देव असेल तर मोकळा ओठ, अशी ढोबळ विभागणी आपल्या मूर्तिकारांनी केलेली दिसते. दोन्ही रूपे पुरुषाचीच आहेत आणि दोन्हींची पूजा होते.

माणसांचे पाहिले तरी हेच. शिवाजी महाराजांच्या समकालीन चित्रांत मिशीबरोबर टोकदार दाढी आहे. नाना फडणवीसांच्या चित्रात दाढी नाही, बारीक कोरलेली मिशी आहे. महात्मा फुले, टिळक आणि राजर्षी शाहू महाराज यांचे चेहरे मिशीशिवाय आपल्या डोळ्यांपुढे येतच नाहीत. तुमच्याच साताऱ्यात रयत शिक्षण संस्था वाढवणारे कर्मवीर भाऊराव पाटील छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्या दाढीने ओळखले जातात. आणि यशवंतराव चव्हाणांचा चेहरा मोकळा होता. नांदेडला गेलात तर केसाला कात्री न लावणे हाच धर्म मानणारी माणसे भेटतील, आणि त्याच गावात दाढी राखून ओठावरची मिशी मात्र बारीक कापणारे मुसलमान शेजारीही भेटतील. एकाच मराठी मुलखात इतके प्रकार सुखाने नांदत असताना 'बिनमिशीचा तो पुरुष कसला' हे वाक्य टिकत नाही.

तुमचे वडील सैनिक आहेत, म्हणून लष्कराचाही विषय काढते. त्यांच्या मिशीचा अभिमान खरा आहे आणि तो त्यांनी नोकरी करून कमावलेला आहे. त्यांची रेजिमेंट १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात उभी राहिली, आज तिचे केंद्र बेळगावला आहे, आणि इतक्या वर्षांत तिथल्या मिशीनेही बरीच वळणे घेतली आहेत. हिंदुस्थानात आलेल्या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत सुरुवातीला मिशी ठेवण्याची रीत नव्हती. आपले शिपाई बिनमिशीच्या माणसाला मोजत नाहीत हे त्यांच्या ध्यानात येत गेले, आणि अखेर १८५४ मध्ये कंपनीच्या मुंबई लष्करातल्या युरोपीय सैनिकांना मिशी सक्तीची झाली. पुढे साऱ्या ब्रिटिश लष्करातच वरचा ओठ भादरायचा नाही असा नियम आला, आणि तो पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ मध्ये, रद्द झाला. म्हणजे ज्या मिशीला आपण साहेबी लष्करी रुबाब समजतो, ती साहेबाने बरीचशी इथूनच उचललेली होती. ही गोष्ट वडिलांना जरूर सांगा, त्यांना ती आवडेल. मात्र वाद जिंकण्यासाठी ती वापरू नका.

आता चुलत्यांच्या 'लोक हसतील'कडे येते. या वाक्यात 'लोक' कोण आहेत, याचा विचार तुम्ही करावा असे मला मनापासून वाटते, कारण मिशीचा सर्वांत कडू इतिहास त्या शब्दात आहे. गावात मिशीला पीळ कोणी द्यायचा, ती वर वळवायची की खाली सोडायची, हे देशातल्या कितीतरी गावांत जातीवरून ठरत आले आहे. ही फार जुनी गोष्ट नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी पोलिसांत झाल्या. त्यानंतर गुजरातभरच्या दलित तरुणांनी मिशीवर ताव देतानाची आपली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली, आणि पुष्कळांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या चेहऱ्याऐवजी मिशी, मुकुट आणि 'मिस्टर दलित' ही अक्षरे लावली. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना मिशी ही हौस वाटते. ज्यांना तिच्यासाठी मार खावा लागतो त्यांच्यासाठी ती ताठ मानेने जगण्याचा हक्क होते. त्या तरुणांनी मिशी ठेवली याबद्दल मला आदर वाटतो. तुम्ही काढू म्हणता त्यालाही मी त्याच कारणाने पाठिंबा देते. आपल्या ओठावर काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे, गावाने ठरवू नये.

हे सांगताना मला तुमच्याच जिल्ह्यातली एक नोंद आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण काही काळ साताऱ्यात गेले. त्यांचे वडील रामजी सकपाळ हेही लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते, घरात न्हाव्याला देण्यापुरते पैसे होते आणि साताऱ्यात न्हावीही पुष्कळ होते. तरी अस्पृश्याच्या केसांना हात लावायला एकही तयार नव्हता, म्हणून सगळ्या भावांचे केस थोरली बहीण कापत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती, असे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एका सुभेदाराच्या मुलांना त्या गावात केस कापून मिळत नव्हते, आणि आज दुसऱ्या एका सुभेदाराच्या मुलाला केस काढायची मुभा मिळत नाही. या दोन गोष्टींचे वजन सारखे मुळीच नाही, तुमची अडचण त्यापुढे फार लहान आहे. पण केसांवरून माणसाची पायरी ठरवणारे 'लोक' दोन्हीकडे आहेत, आणि त्यांच्या हसण्याला किती किंमत द्यायची हे त्या आठवणीवरून ठरवायला सोपे जावे. १८९० च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. केसांच्या बाबतीत आपला महाराष्ट्र याआधीही लोकांच्या हसण्याला पुरून उरला आहे.

आकर्षणाबद्दल विचारले आहे, तर त्यावर झालेला अभ्यास आधी सांगते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले बार्नाबी डिक्सन आणि रॉबर्ट ब्रुक्स यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्याच पुरुषांची गुळगुळीत दाढी केलेली, पाच दिवसांचे खुंट असलेली, दहा दिवसांचे खुंट असलेली आणि पूर्ण दाढीची छायाचित्रे ३५१ स्त्रिया आणि १७७ पुरुषांना दाखवली. स्त्रियांना सर्वांत आकर्षक वाटले ते दहा दिवसांचे खुंट; चांगला बाप होईल असा मात्र त्यांना पूर्ण दाढीवाला वाटला. नुसती मिशी त्या पाहणीत नव्हतीच. त्याच गटाने दुसऱ्या वर्षी असे दाखवले की आजूबाजूला दाढीवाल्यांचे चेहरे थोडे असले तर दाढी अधिक आवडते, आणि सगळेच दाढीवाले दिसू लागले की गुळगुळीत चेहरा उठून दिसतो. तुमच्या मित्रांनी 'आता सगळे दाढी ठेवतात' म्हटले ना, त्याचे उत्तर यात आहे. ज्या ऑफिसात सगळ्यांच्या गालांवर एकाच यंत्राने कोरलेली एकसारखी दाढी दिसते, तिथे नुसती मिशी किंवा नुसता मोकळा चेहराच लक्ष वेधून घेईल.

या लाटा नव्याही नाहीत. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकातल्या १८४२ ते १९७२ पर्यंतच्या पुरुषांच्या चित्रांचा हिशोब ड्वाइट रॉबिन्सन नावाच्या अभ्यासकाने मांडला, तेव्हा आधी गलमिशा, मग दाढी, मग मिशी आणि शेवटी गुळगुळीत चेहरा अशी एकामागून एक वर चढून ओसरणारी फॅशन दिसली. आपल्या डोळ्यांदेखतही असे घडले आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात गेले, १ मार्चला परतले, आणि पुढे कितीतरी तरुणांनी सलूनमध्ये बसून गालांकडे वळत जाणारी त्यांच्यासारखी मिशी मागितली. उलट उदाहरण नाकाखालच्या चौकोनी मिशीचे. ती एके काळी कारकून, नट, मास्तर असे कोणीही सहज ठेवीत असत; हिटलरचा चेहरा जगाला कळल्यावर ती इतकी बदनाम झाली की आज कोणी ठेवली तर लोक दचकतात. केस तेच, जागा तीच, अर्थ बाहेरून येतो आणि बाहेरूनच बदलतो.

एक स्त्री म्हणून विचाराल, तर मिशी असलेले आणि नसलेले दोन्ही चेहरे मला देखणे वाटलेले आहेत. मला आवडते ती निगा. ओठावर न येणारी कड, दोन्ही बाजू सारख्या, जेवल्यावर पुसलेली मिशी, एवढे असले की ती झुपकेदार असो की तलवारकट, डोळ्यांना बरी वाटते. हे माझे मत झाले. आणि तुमच्या बाबतीत माझ्या मतापेक्षा किंवा सिडनीतल्या साडेतीनशे स्त्रियांच्या मतापेक्षा एकाच मुलीचे मत महत्त्वाचे आहे.

तिच्याबद्दल तुम्ही लिहिलेला 'सहज' हा शब्द मी परत वाचला. तिने अट घातलेली नाही, आग्रह केलेला नाही, एक आवड बोलून दाखवली. ती बोलल्यानंतर तुमच्या घरात काय घडले हे तिला ठाऊक आहे का? बहुधा नसावे. लग्न होऊन ती त्या घरात येईल तेव्हा 'हिच्यामुळे पोराने मिशी काढली' हे तिच्या माथी लागेल, आणि ते पुसून काढायला तिला वर्षे लागतील. म्हणून तिच्याशी मोकळेपणाने बोला, वडिलांच्या वाक्याचा अर्थ तिला सांगा. ती दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा शहरात वाढलेली असेल तर तिला ही चाल माहीतही नसेल. त्याच बोलण्यात तिलाही तुमच्या घरच्यांनी केसांबद्दल, साडीबद्दल, टिकलीबद्दल काही सुचवले आहे का ते विचारा. लग्न ठरलेल्या मुलीला असे पुष्कळ ऐकून घ्यावे लागते आणि तिच्या बाजूने वृत्तपत्राला पत्र लिहायला सहसा कोणी बसत नाही. तिची सूचना तुम्ही जितक्या गंभीरपणे घेतलीत, तितक्याच गंभीरपणे तिच्यावर येणाऱ्या सूचनांच्या वेळी तिच्या बाजूने उभे राहा.

आणि मिशी काढून टाकतो हे घरी सांगताना तिचे नाव पुढे करू नका. तुम्हालाही पूर्वीपासून मिशी काढावीशी वाटत होती असे तुम्हीच लिहिले आहे. ते खरे असेल तर इच्छा स्वतःची म्हणून सांगा. खरे नसेल, नुसते तिला बरे वाटावे म्हणून काढणार असाल, तर काढू नका.

न्हाव्याच्या चुकीची गोष्ट मात्र मनातून पूर्ण काढून टाका. एक तर ती टिकणार नाही. मिशी कोरणारा कारागीर आधी फणी लावून कात्रीने लांबी कमी करतो, मग ओठावरची कड कापतो, आणि शेवटी वस्तऱ्याच्या टोकाने नाकाखालची वरची रेघ एकेका बाजूने ओढतो. त्यात हात सरकला तर रेघ थोडी खाली येते, फार तर कोपरा जातो. अर्धी मिशी एका झटक्यात उडत नाही. ज्या माणसाने सबंध नोकरीत रोज सकाळी आरशापुढे उभे राहून स्वतःची मिशी सारखी केली, त्याला हे तुम्ही सांगणार, आणि तो ते खरे मानील असे तुम्हाला वाटते? दुसरे, तुम्ही एका कष्टकऱ्याच्या हातावर खोटा डाग ठेवाल. पुण्यातल्या कोणा अनोळखी दुकानाचे नाव घेतले तरी तो डाग कोणावर तरी पडतोच. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे : वडिलांना मिशी गेल्याचे दुःख होईल ते होईलच, त्यावर मुलगा आपल्याशी खोटे बोलला हे कळेल, आणि ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळेल.

मग करायचे काय? गणपतीत गावी जाल तेव्हा वडिलांशी एकट्याने बोला. आई मध्ये नको, चुलते तर नकोतच. शेतावर जाताना किंवा सकाळी ते आरशापुढे बसलेले असताना विषय काढा, आणि सुरुवात मिशीपासून न करता त्यांच्या वाक्यापासून करा. 'तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते मला तेव्हा कळले नाही, आता कळले' असे म्हणा. आजोबांच्या वेळचे विचारा. त्यांना बोलू द्या. त्यानंतरच सांगा की मला काढायची आहे, तुमच्या आयुष्याशी मी तिचा संबंध लावत नाही, आणि तुम्हाला न सांगता मी हे करणार नव्हतो. शेवटचे वाक्य खरे ठरावे म्हणूनही ती न्हाव्याची गोष्ट सोडायला हवी.

ते हो म्हणाले, तर पितृपक्षात मुळीच काढू नका. त्या पंधरवड्यात मोकळा ओठ पाहून गाव नको तोच अर्थ लावील. नवरात्रात पुष्कळ घरांत वस्तरा लावत नाहीत, म्हणून तेही दिवस जाऊ द्या. दसरा झाला की काढा आणि दिवाळीला त्याच चेहऱ्याने गावी जा. जे काही विचारायचे ते लोक दिवाळीत विचारतील, वडिलांना उत्तर द्यायची सवय होईल, आणि लग्नात तो विषय शिळा झालेला असेल. याचा दुसराही फायदा आहे. वर्षानुवर्षे झाकलेली ओठावरची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ असते, मिशी काढल्यावर काही दिवस तिथे पट्टा दिसतो, आणि वरचा ओठ एकदम लांब वाटतो. आदल्या आठवड्यात काढली असती तर हा पट्टा लग्नाच्या प्रत्येक फोटोत आला असता. शिवाय तुम्हाला किंवा तिला नवा चेहरा आवडला नाही, तर केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, मार्गशीर्षापर्यंत मिशी परत येईल.

ते नाही म्हणाले, तर माझा सल्ला असा की लग्नापर्यंत मिशी ठेवा आणि लग्न झाल्यावर, कोणताही सण-समारंभ नसलेल्या दिवशी, त्यांना कळवून काढा. तुमच्या ओठावर त्यांचा हक्क आहे म्हणून मी हे सांगत नाही, तो नाहीच. पण लग्नाच्या मांडवात शेकडो पाहुणे येतील आणि त्यांतला प्रत्येक जुना माणूस नवरदेवाच्या तोंडाकडे पाहून नवरदेवाच्या बापालाच विचारील. तो दिवस त्यांच्याही आयुष्यातला मोठा दिवस आहे; त्या दिवशी त्यांना दारात उभे राहून आपण जिवंत असल्याचा खुलासा करावा लागू नये. काही आठवडे थांबल्याने तुमचा हक्क बुडत नाही. मात्र लग्नानंतरही 'मी असेपर्यंत नाही' असेच ते म्हणत राहिले, तर तेव्हा त्यांचे ऐकायलाच हवे असे मी म्हणणार नाही. काढा, आणि काढल्यावर त्याच आठवड्यात त्यांना भेटायला जा, टाळाटाळ करू नका. मुलगा मोकळ्या ओठाने समोर बसून जेवतो आहे आणि आपण धडधाकट आहोत, हे त्यांनी चार दिवस पाहिले की त्या सांगडीची धार कमी होईल. बोलून जे पटत नाही ते सवयीने पचते, असा माझा अनुभव आहे.

विरळपणाचे राहिले. चेहऱ्यावरचे केस पुरुषी संप्रेरकांमुळे वाढतात, पण त्या संप्रेरकांना केसांची मुळे किती दाद देतात हे अनुवंशाने ठरते. म्हणून संप्रेरके अगदी व्यवस्थित असलेल्या निरोगी माणसाचीही मिशी विरळ असू शकते आणि तिचा पुरुषपणाशी काही संबंध नाही. नाकाखालच्या खळगीत केस कमी असणे तर फारच सर्रास आढळते. वारंवार वस्तरा फिरवल्याने केस दाट येतात ही समजूत चुकीची आहे, १९२८ सालीच ती प्रयोगाने खोडली गेली. कापलेल्या केसाचे टोक बोथट होते, म्हणून तो हाताला राठ लागतो इतकेच. ठेवणार असाल तोवर मिशी थोडी आखूड ठेवा आणि बाजू मधल्या भागाच्या लांबीला आणा, विरळपणा कमी दिसेल. काळा रंग रोज लावू नका. केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाने ओठाजवळची नाजूक कातडी सुजू शकते, आणि वापरायचाच असेल तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा. मिनॉक्सिडिल हे डोक्याच्या केसांसाठीचे औषध आहे, मित्राने आणलेली बाटली पाहून ते चेहऱ्यावर लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. आणि मिशीत किंवा दाढीत एखादी गोल जागा अचानक पूर्ण मोकळी झाली असेल, तर ती चाई असू शकते. तसे असेल तर लग्नाची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.